ओढ्याकडचा कॅमेरा

वनरक्षक महेंद्रच्या मोबाईलमधला बिबट्या शाळेच्या टीव्हीवर हातभर झाला, तशी पुढं बसलेली माणसं नकळत मागं सरकली. शेजारच्या वर्गातून बायकांचा गलका ऐकू आला. तिथंही एक टीव्ही त्याच मोबाईलला जोडला होता. सरपंच पंकजाताईंचा तो हट्ट. उसात बायकाच जास्त राबतात, मग बिबट्या काय फक्त पुरुषांनीच बघायचा का, असं त्यांचं म्हणणं. पुरुषांच्या पुढ्यात बायकांनी बसायचं नाही ही गावाची जुनी रीत, म्हणून वर्ग वेगळा. मालिका लागंल म्हणून आल्यात सगळ्या, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले.

हनुमंत हसला नाही. त्यानं हसावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. महिन्यापूर्वी त्याची बायको सुकन्या ओढ्याकाठच्या उसाकडं गेली, ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी जे सापडलं, ते बघून बिबट्याशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. काष्टीच्या बाजारापर्यंत तीच चर्चा होती. गावाला एकदा गोष्ट पटली की गाव तिच्या मागं लागत नाही.

मागं लागली होती ती एकटी झुंबरबाई, सुकन्याची आई. जामखेडकडून दहाव्याला आली, ती परत जायचं नावच काढत नव्हती. रोज जेवायला बसली की एकच विचारायची, दिवस मावळताना माझी लेक ओढ्याला कशाला गेल्ती? हनुमंत रोज सांगायचा, शेळी सुटली होती मामी, तिच्या मागं गेली. म्हातारी ऐकून घ्यायची आणि पुढचा घास घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता ती शेजारच्या वर्गात, नजर कमी म्हणून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती.

सकाळी खुर्च्या मांडताना महेंद्रनं हनुमंतला क्षणभर मोबाईल धरायला दिला होता. दोन महिन्यांपूर्वी झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो त्यानं नुकतेच त्यात घेतले होते. स्वतःही अजून बघितले नव्हते, गावाबरोबरच बघू म्हणाला. ओढ्याकडच्या कॅमेऱ्याच्या बारीक बारीक फोटोंवरून हनुमंतची नजर फिरली आणि एका ठिकाणी अडकली. हिरवी साडी. ओढ्याकाठच्या बाभळीवर कॅमेरा आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात महेंद्रनं फोन परत घेतला.

हा फोटो झुंबरबाईच्या नजरेला पडता कामा नये. तेव्हापासून हनुमंतच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

महेंद्र बोट फिरवत होता, टीव्हीवर एकेक फोटो सरकत होता. बंधाऱ्यावरचा कोल्हा, गोठ्यामागचं रानमांजर, पिंजऱ्याला वळसा घालून जाणारा बिबट्या. एकटं फिरू नका, वाकून काम करताना पाठीमागं कुणीतरी उभं ठेवा, असं तो मधूनमधून सांगत होता. माणसं माना डोलावत होती. उद्या हीच माणसं एकटी पाणी धरायला जाणार, हे त्यालाही माहीत असावं.

मग तो थांबला आणि हनुमंतजवळ येऊन हळू आवाजात बोलला.

"आता ओढ्याकडचा कॅमेरा. तुमाला जड जाणार असंल तर बाहेर बसा."

"बसतो की. पर आधी लोकास्नी चहा देऊ."

"बरं. तेवढा फोन धरा. स्क्रीन बंद पडू देऊ नका, न्हाईतर सगळं परत जोडावं लागतंय."

माणसं चहाला बाहेर पडली. वर्ग रिकामा झाला. हनुमंतनं आधी टीव्हीचं बटण दाबलं. काळ्या काचेत त्याचा स्वतःचाच चेहरा दिसला. मग तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. फोनला साधी वायरसुद्धा नव्हती.

हिरव्या साडीचा फोटो सापडला. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि नीट बघितला. उगाच भलत्याला भ्यायलो असं व्हायला नको. भलतं नव्हतं. त्यानं तो काढून टाकला. फोननं खरंच काढू का म्हणून विचारलं, त्यालाही हो म्हटलं. काढलेले फोटो जिथं साठतात, तिथूनही शोधून पुसला.

हनुमंतचा जीव भांड्यात पडला. महिनाभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं वाटलं. उद्या सकाळीच म्हातारीला जामखेडच्या एसटीत बसवून द्यायचं, हेही त्यानं ठरवून टाकलं.

व्हरांड्यात पुरुषांचा चहा झाला होता. बायकांचा अजून व्हायचा होता, त्यांचा नेहमी मागूनच होतो. हनुमंतनं किटली स्वतः उचलली. दुःखातही माणूस किती करतो बघा, असं कुणीतरी म्हणालेलं त्याच्या कानावर आलं.

बायकांच्या वर्गातला गलका थांबला होता. कंटाळून पेंगल्या असतील, असं वाटून त्यानं खांद्यानं दार लोटलं. कुणीच पेंगत नव्हतं. साऱ्या बायका ताठ बसून समोर बघत होत्या. समोर टीव्ही चालू होता आणि त्यावर बारीक बारीक फोटोंच्या ओळी होत्या. हनुमंतचा अंगठा मोबाईलवर जरासा हलला, तशा टीव्हीवरच्या ओळीही हलल्या.

झुंबरबाईनं मान वळवली. तिचा आवाज रोज जेवताना असायचा तसाच होता.

"जावईबापू, तेवढा तो फोटू परत लावा. तुमचं तोंड दिसलं, हातातला कोयता दिसला. माझ्या लेकीचं तोंड बघायचं ऱ्हायलं."