हादरे

कॅन्सर मणक्यात पसरल्यापासून रस्त्यातला प्रत्येक खड्डा कुमुदला रडवायचा. त्यात शशिकांतरावांची जुनी एसयूव्ही मागून पार बसलेली. "काका, हादरे झेलणारे सस्पेन्शनचे हवेचे फुगे फाटलेत. या गाडीवर आता खर्च नका करू," मेकॅनिक म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. बायकोला एकदा मालवणला, धाकट्या बहिणीकडे जायचं होतं.

नवे फुगे बसवून दोघं कोल्हापूरहून निघाली. रस्ता उखडलेलाच होता, पण मागच्या सीटवरून कण्हणं आलं नाही.

"दुखतंय का गं?"

"नाही हो. अजिबात नाही."

शशिकांतराव हरखून गेले. घाटापर्यंत गाडीचं कौतुकच करत राहिले.

चहासाठी थांबल्यावर त्यांनी मागचं दार उघडलं. कुमुदचं पाऊल पुढच्या सीटखाली वेडंवाकडं मुडपून अडकलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता.

"निघाल्यावर थोड्या वेळानं कमरेपासून खाली काही कळेनासंच झालं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही इतके खूश होतात, मला सांगवेना."

त्यांनी पाऊल अलगद सोडवलं. "मागे फिरू या. दवाखान्यात जाऊ."

"नको. आधी बहिणीला बघू दे."

ते पुन्हा स्टीअरिंगवर बसले आणि घाट उतरताना एकेक खड्डा चुकवत राहिले.