बाकावरची पर्स

जुन्या शहराच्या दरवाजापाशी आई बाकावर टेकली आणि शेजारच्या जागेवर पर्स ठेवून म्हणाली, "तुझे बाबा गाडी लावून येऊ देत, मग आत जाऊ."

दोघी रेल्वेने आल्या होत्या. गाडी तर लेकीने कधीच विकून टाकली होती. सकाळी डब्यातही आईने बाबांची चौकशी केली होती. "अगं, बाबा गेले, वर्ष झालं," असं सांगितल्यावर ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ढसाढसा रडली आणि स्टेशन येईपर्यंत सगळं विसरूनही गेली.

एक दमलेला प्रवासी बाकापाशी आला. "मावशी, जरा पर्स उचलता का?"

आई गोंधळून लेकीकडे बघायला लागली.

"इथे माणूस आहे," लेक म्हणाली. "बाबा गाडी लावायला गेलेत."