डोंगराकडं तोंड करा

"ही मशिन कुनाकडं रोखलीय रं?" गेणबानं खालूनच विचारलं.

राजू शिडीवर उभा राहून स्टेजच्या कमानीवर लेसरचं यंत्र आवळत होता. "समोरच्या डोंगराकडं, काका. उजेड लोकांच्या डोक्यावरून जाणार. थेट डोळ्यात गेला तर नजर अधू व्हायची."

उत्तरात खोट सापडेना, म्हणून गेणबा जास्तच बिथरला.

मुळशी धरणाच्या काठावरच्या या लॉनवर आज त्याच्या लेकीचा, शुभांगीचा, साखरपुडा होता. स्थळ ठरल्यापासून पोरगी घरात तोंड उघडत नव्हती. तिच्या मनात दुसरा कुणीतरी आहे आणि तो आज तिला घेऊन पळणार, हे गेणबानं मनाशी पक्कं धरलं होतं. बोटात अंगठी गेली की सुटलो, तोवर डोळ्यात तेल घालून बसायचं. तिचा मोबाईल त्यानं कालच काढून घेतला होता. फाटकावर मेहुणा भिकू होता. पोरगी दिसली की अडवायची, एवढंच त्याचं काम.

आणि आता हा शहरातला देखणा राजू.

"तुला बोलावलं कुनी?"

"नवरदेवांनी. ही सगळी कल्पना त्यांचीच."

नवरदेव, बावधनचा निरंजन, तेवढ्यात तिथं आलाच. "मामा, इथं वारा फार. कमान हलली तर उजेड खाली यायचा. म्हणून लेसर चालू असेपर्यंत सगळ्यांनी स्टेजकडे पाठ करायची आणि डोंगराकडे बघायचं. मग अंगठ्या."

लोकांच्या डोळ्यांची एवढी काळजी करणारा जावई शोधून सापडला नसता. गेणबाचा ऊर भरून आला.

नवरा-नवरी स्टेजवरच्या खुर्च्यांवर बसल्यावर तो लेकीच्या कानाशी वाकला. "काय बी हू दे, हितनं हलायचं न्हाई."

"न्हाई हलत," शुभांगी म्हणाली. इतकं सरळ उत्तर ऐकून त्यानं फाटकावरच्या भिकूकडं एकदा बघून घेतलं.

अंधार पडला. पाहुण्यांच्या मागं, टेबलाशी बसून राजूनं माईक घेतला. "सगळ्यांनी डोंगराकडं तोंड करा."

अख्खा मांडव वळला. गेणबा तेवढा लेकीकडं बघत राहिला.

"काका, एक जण जरी यंत्राकडं बघत असला तरी मी बटण दाबणार नाही."

व्याही मंडळी हसली. चारचौघांत शोभा नको म्हणून गेणबा वळला, आणि राजू बरोबर त्याच्या समोर आला. हे तर बरंच झालं, त्याला वाटलं.

दिवे गेले. हिरवा उजेड डोक्यावरून सरसरत निघाला, डोंगरावर दोघांची नावं उमटली, टाळ्या पडल्या. गेणबानं नावं बघितलीच नाहीत. त्यानं राजूवरची नजर काढली नाही, आणि राजू जागचा उठला नाही.

दिवे आले. गेणबा गर्रकन वळला.

शुभांगी खुर्चीत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळी हसत होती. गेणबाला एवढं हायसं वाटलं, की त्याचे डोळे भरून आले.

"आप्पा, मी हलले न्हाई," ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीवर नवरदेवाचा नुसता फेटा होता.