घासलेला डबा

शेजारची नजीरा परसदारी आली ती हातात कोंबडी घेऊनच. पाय तिच्या मुठीत, मान खाली लोंबत होती.

"अक्का, तुमच्या अळवात पडलीती. आणखी दोन हाईत. काय टाकलासा तिथं?"

"म्या कशाला काय टाकू?" बायडाबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं. उचगावात कुणालाही विचारावं. टाकून देणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. फाटक्या लुगड्याची वाकळ, वाकळ विरली की पोतेरं. चुलीतली राख भांड्यांना, भांड्यांचं पाणी अळवाला. कोंड्याचा मांडा करणारी बाई. तिच्या दारात उकिरडा उपाशी मरतो, असं शेजारणी म्हणत, आणि म्हणता म्हणता वडीपुरती पानं मागून नेत.

"पाणी तेवढं वतलं," ती जरा आठवून म्हणाली. "काल सांजंला डबा घासला, त्येचं."

"कसला डबा?"

"मळ्यातला."

तिचा नवरा केरबा गणपतरावांच्या मळ्यात रोजगाराला जाई. दोन वर्षांपासून तिथं उसावर किडीचं औषध मारू लागले होते. औषध संपलं की डबे बांधावर पडून राहत. जाड पत्रा, घट्ट झाकण. असली वस्तू बांधावर सोडून यायला केरबा काय खुळा होता? त्यानं एक उचलून आणला. बायडाबाईनं तो राखेनं तीनदा घासला. सुतकातलं भांडंसुद्धा तीनदा राखेनं घासलं की घरात घेतात, मग औषधाचं ते काय! डब्यावर कवटी आणि हाडांचं चित्र होतं. तेही तिनं खापरीनं खरवडून काढलं. लेकीच्या घरी असलं अभद्र जायला नको.

नजीरानं कोंबडी खाली ठेवली.

"अक्का, डबा कुठं हाय?"

डब्यात काकवी भरली होती, गुऱ्हाळावरची, गरम गरम. नेसरीला दिलेल्या विमलची दोन्ही पोरं काकवी म्हटलं की भाकरीवर तुटून पडत. सकाळी सातच्या गाडीला केरबानं डबा ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली केला होता. गाडी दहाला पोचायची, आणि डबा उतरवून घ्यायला जावई कधी वेळ चुकवत नसे. एरवी बायडाबाईला त्याचं कौतुक वाटे. आज पहिल्यांदाच वाटलं, मेला जरा आळशी असता तर बरं झालं असतं.

"नेसरीला गेला गं. काकवी भरून," ती म्हणाली.

"चला, पोस्टात जाऊ," नजीरा म्हणाली. "तार करू."

"कवा पोचंल?"

"पोचंल की सांजपत्तूर." नजीरानं नजर वळवली.

दोघी उठल्या तोच केरबा जेवायला घरी आला. बायकांच्या तोंडाकडं त्याचं लक्ष नव्हतं. पायावर पाणी घेताना तो खुशीत होता.

"दिली गं काकवी. डबा झ्याक हाय म्हणला कंडक्टर. अन् तुझा निरोपबी दिलाय, इसरलो न्हाय."

"कसला निरोप?" नजीरानं विचारलं.

"हिचंच की सांगणं. तळाला चिकटल्याली काकवी वाया घालवू नगासा. पाणी घालून इसळा, अन् त्ये पोरांस्नी पाजा."

बायडाबाईनं परसातलं ऊन पाहिलं. बरोबर डोक्यावर आलं होतं. नेसरीत पोरं आता जेवायला बसली असतील.