अपील

ट्युनिशियाची वकील नजीबा सहा वर्षं जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय व्यापार लवादापुढे भांडली आणि अखेर जिंकली. तिच्या देशाच्या ऑलिव्ह तेलावर एका बलाढ्य देशानं लादलेली जकात बेकायदा ठरली. त्याच दुपारी समोरच्या वकिलानं हसत हसत तिच्या हातात अपिलाची प्रत ठेवली. वरच्या न्यायपीठावर एकही न्यायाधीश उरलेला नव्हता. नेमणुका त्या बलाढ्य देशानंच अडवल्या होत्या. अपील ऐकणार कोणी नाही, म्हणजे निकाल कायमचा लोंबकळत.

"लाज कोळून प्यालेत मेले!" आपल्या देशाच्या राजदूतांच्या खोलीत शिरत ती कडाडली. "थुंकावंसं वाटतं, तय्यबसाहेब!"

"थुंक बाई, पोटभर थुंक. पण आधी चहा घे." राजदूतांनी पुदिन्याचा चहा पुढे सरकवला. "सकाळी आपण दुसरा खटला हरलो. शेजाऱ्यांच्या खारवलेल्या मासळीवरचा आपला कर बेकायदा ठरला."

"मग उठवावा लागेल."

"खुळी की काय तू? अपील कर."

"ऐकणार कोण?"

"म्हणूनच म्हणतोय."

नजीबानं चहा संपवला. मसुदा शोधावा लागला नाही. दुपारची ती प्रत हातातच होती. तिनं फक्त देशांची नावं बदलली.