काळ्या मसाल्याची बरणी

"द्रावणातून दहा मिली काढलं, की तेवढे मोल गेले," धुळ्याच्या कॉलेजात दिपमाला मॅडम शिकवत होत्या.

"त्या जागी पाणी ओतलं तर?" स्वप्नीलने विचारलं.

"फ्लास्क भरलेला दिसेल. गेलेले मोल काही परत यायचे नाहीत. हेच करत राहिलास तर शेवटी नुसतं पाणी उरेल."

बोलता बोलता त्यांचा खडू थांबला.

रविवारी दिपमाला जळगावला, मेहरूणला वडिलांकडे, आबांकडे गेली. आईने केलेल्या काळ्या मसाल्याची बरणी तिने आई गेल्यावरही रिकामी होऊ दिली नव्हती. दर खेपेला विकतचा मसाला आणून आबांच्या नकळत ती बरणी काठोकाठ भरायची. आणि आबा जेवताना म्हणायचे, "भाजीले तुनी मायना हातनी चव शे."

आज मात्र पुडी फोडताना तिचा हात अडला.

"ऱ्हाऊ दे, बेटा." आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आईची कुंकवाची डबी काढली आणि उघडून लेकीच्या नाकाशी धरली. आत चिमूटभर काळा मसाला होता.

"तुनी माय गयी त्याच दिनले काढी ठेयेल शे. हाऊ खावाना नही, वास लेवाना शे."