हलकं मशीन

अपघातात डावा हात गेल्यापासून सुतारानं वर्षभर पेचकस हातात धरला नव्हता. शेवटी ताईच त्याला ओढत दुकानात घेऊन आली. स्क्रू मारायचं नवं मशीन स्वतःच एकामागून एक स्क्रू पुढे सरकवतं, दुसरा हात लागतच नाही, असं तिनं ऐकलं होतं.

दुकानदारानं सगळ्यात हलकं मशीन पुढे केलं. "यांना हेच झेपेल."

सुतारानं दुकानात चाचणीसाठी ठेवलेल्या प्लायवुडवर गुडघा रोवला, धडाधड चार स्क्रू मारले आणि वरून अंगठा फिरवला.

"स्क्रूंची डोकी वर राहतायत. अशानं चार दिवसांत फळ्या सैल होऊन लाकडी जमीन करकरेल. ते मोठं दाखवा."

"अरे, ते केवढं जड आहे!" ताई कळवळली.

"असू दे. लोक जमिनीवर चालणार आहेत, माझ्या हातावर नाही."